तिसऱ्या मशीनचा उलटा दांडा

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेच्या चौकटीत माझा फोटो होता. खाली लिहिलेलं, ‘सव्वीस वर्षे, शून्य चुका’. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही मास्तरीणबाईंच्या दयेवर. पण चार शब्द वाचायला चौथी पुरते. फोटोत मी हसत नाही. फोटोवाला म्हणाला होता, “आजी, जरा हसा.” मी म्हटलं, “आजी असेल तुझी. मी कामाला आलेय, दात दाखवायला नाही.”

कारखाना धुलाईचा. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी येतात. रक्ताचे, औषधांचे, नाव घेऊ नये असल्या डागांचे. तीन मशीन आहेत. आम्ही बायका त्यांना माणसासारखंच म्हणतो, पहिली, दुसरी, तिसरी. एकेकीचं पोट एवढं मोठं की आत माणूस उभा राहील. पाणी उकळायला पाइपातून वाफ येते आणि ती चालू-बंद करायला प्रत्येकीच्या कुशीला एक लोखंडी दांडा आहे. दार उघडायच्या आधी वाफ बंद करायची. एवढं साधं काम.

माझ्या जागेवर माझी सून लागली, आणि नवव्या आठवड्यात तिने एका बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

भाजली ती तोफ. आवाजामुळे तिला सगळे तोफ म्हणतात. ती कुजबुजली तरी शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. माझ्यासोबत चौदा वर्षं तिने गठ्ठे ओढले. आमचं पटायचं असं नाही, पण माझ्याशी भांडायची लायकी असलेली तेवढी एकच होती.

सून घरी आली ती हातात बंद पाकीट घेऊन. शुक्रवारी चौकशी. तोवर कामावर यायचं नाही. चप्पलसुद्धा न काढता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली.

“काय केलंस?” मी विचारलं.

“दांडा खाली ओढला.”

“कुठलीचा?”

“तिसरीचा.”

मी हातातलं काम ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तिने माझं तोंड पाहिलं असतं. “नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हटलं. “सव्वीस वर्षं मी त्याच अंगणात नाचले.”

“अंगण वाकडं आहे असं मी म्हटलंच नाही, आई,” ती म्हणाली. “ते तुम्हीच म्हणताय.”

ही अशी आहे. कानामागून आली आणि तिखट झाली. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, दारात उभा राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. टेबलावरच्या पंख्यासारखा.

आता अंगणाचं सांगते, कारण ते वाकडं होतंच.

पहिली आणि दुसरी एकाच वेळी आल्या, एकाच ठिकाणाहून, नव्याकोऱ्या. त्यांचा दांडा खाली केला की वाफ बंद होते. तिसरी बारा वर्षांपूर्वी कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून मोडीच्या भावात आली. तिचा दांडा खाली केला की वाफ सुरू होते, पूर्ण. वर केला की बंद. बाकी रंग, उंची, दार, सगळं बहिणी-बहिणींसारखं. धुणं झालं की वाजणारी तिघींची शिट्टीसुद्धा एकाच सुराची. शेजारी-शेजारी उभ्या आहेत. सकाळपासून दोनशे वेळा खाली ओढणारा हात दोनशे एकाव्या वेळी वर ढकलेल, अशी आशा ज्याने केली त्याने जन्मात कधी धुणं धुतलेलं नाही.

तिसरी माझ्याकडे दिली. दुसऱ्या पाळीत ती बंदच असायची, म्हणून ती माझ्या एकटीची. मी जुन्या टॉवेलची चिंधी घेतली, तिला तीन गाठी मारल्या आणि दांड्याला बांधली. हात गेला की गाठी लागायच्या. गाठी लागल्या की हात वर. डोक्याला विचारायची गरज नाही. बारा वर्षं ती चिंधी काळी पडली, मी बदलली, पुन्हा काळी पडली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, बाई हात पुसते.

शेवटच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. कामावर असताना मिनिटामिनिटाला घड्याळ दाखवत होते, जाताना एक घरीही बांधून दिलं. आणि टाळ्या वाजत असतानाच सुपरवायझरने जाहीर केलं की बाईंच्या जागी बाईंची सून येणार. मला कुणी विचारलं नव्हतं. एका घरातल्या दोघी एका कारखान्यात नकोत, असं मी मुलाला बजावलं होतं. हिने माझ्या पाठीमागे अर्ज केला. मी खाली मान घालून माझं सामान गोळा केलं. स्टुलावरची उशी, स्टीलचा पेला, जुन्या चपला. आणि चिंधी सोडवली.

सून शेजारीच उभी होती, जागा बघायला आलेली. तिने विचारलं, “हे काय, आई?”

“हात पुसायची चिंधी,” मी म्हटलं आणि पिशवीत टाकली.

आता पुढचं.

बुधवारी संध्याकाळी मॅनेजरसाहेब आमच्या घरी आले. सोबत सुपरवायझर. ह्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण गळ्यात कायम शिट्टी असते आणि माणूसही तसाच आहे, दुसऱ्याने फुंकल्याशिवाय आवाज काढत नाही. दोघं खुर्च्यांच्या काठावर बसले. सून आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं, पण पूर्ण नाही.

“बाई, दोन शब्द बोलायचेत शुक्रवारी,” साहेब म्हणाले. “कामगार सुरक्षेच्या खात्यातून एक इंजिनिअरबाई आल्या आहेत. वही घेऊन फिरतात. मशीनमध्येच खोट आहे असं काहीबाही त्यांच्या डोक्यात आहे. तुम्ही ती मशीन बारा वर्षं चालवलीत. खोट असती तर तुमच्या हातून एकदा तरी चूक झाली असती, नाही का?”

“माझ्या हातून?” मी म्हटलं.

“तेच तर! तेवढंच सांगा. तुमचा फोटोच पुरावा आहे आमचा.”

“आणि सुनेचं काय?”

साहेबांनी चहाच्या कपात बघितलं. “निष्काळजीपणा असं लिहावं लागेल. आमचा नाइलाज आहे.”

निष्काळजीपणा लिहिलं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तो कागद माणसाच्या आधी पुढच्या दारात पोचतो. दुसरी कुठली धुलाई, कुठला कारखाना, कुठलं स्वयंपाकघर तिला उभं करणार नव्हतं. आणि मी खरं सांगते, मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मला वाटलं, बरी जिरली. घरी बसेल. माझी जागा माझीच राहील, निदान फाटकापाशी.

ते गेल्यावर मुलगा म्हणाला, “आई, तू खरं तेच सांग.”

“खोटं बोलायला मला सवड कधी मिळाली रे?”

आतून सुनेचा आवाज आला, “त्यांना चहा दिलात ना? दूध संपलंय. सकाळचं काय ते बघा.”

शुक्रवारी धुलाईच्या हॉलमध्येच टेबल मांडलं होतं. मशीन बंद. वाफेचा मुख्य पाइप बंद केलेला, त्याला कुलूप. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. नळातलं पाणी ठिबकत होतं तेही भांडण काढतंय असं वाटत होतं. तोफ खुर्चीवर बसली होती, दोन्ही हातांना पांढरी बँडेजं, मांडीवर ठेवलेली, दुसऱ्याचं सामान सांभाळतेय तशी. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली.

वहीवाली पस्तिशीची असेल. केस कापलेले, बूट पुरुषी. तिने सुनेला विचारलं, “काय झालं ते क्रमाने सांगा.”

“तिन्ही शिट्ट्या एकदम झाल्या,” सून म्हणाली. “पहिलीचं बंद केलं, दुसरीचं केलं. तिसरीचं दार ह्या बाईंनी जरासं उघडलं होतं. थोडी वाफ येत होती. ह्या ओरडल्या, बंद कर. तिसरीचा उलटा आहे हे ठाऊक होतं, एरवी आठवून वर ढकलायचे; तेव्हा घाईत खाली ओढला. वाफ वाढली. मला वाटलं दांडा पूर्ण बसला नाही. म्हणून आणखी दाबला.”

“अकरा सेकंद!” साहेब मधे पडले. “कॅमेऱ्यात आहे. चूक आपण समजू शकतो. पण समोर बाई किंचाळतेय आणि ही अकरा सेकंद दाबून धरते?”

“मी मोजत नव्हते,” तोफ म्हणाली. “पण लांब होते.”

वहीवाली म्हणाली, “घाबरलेला हात नवीन काही करत नाही. रोज जे करतो तेच जास्त जोरात करतो. वाफ जितकी वाढली, तितकी ही बंद करायला धडपडली.”

मला राहवलं नाही. “म्हणजे दोष कुणाचाच नाही? वा! मग हिचे हात काय उन्हाने भाजले?”

“दोष कुणाचा ते तुम्ही घरी जाऊन भांडा,” ती शांतपणे म्हणाली. “मी दांडा बघायला आलेय.”

चरचरीत होती. एरवी मला आवडली असती.

साहेबांनी घसा साफ केला आणि माझा हुकमाचा पत्ता टाकला. “ह्या आमच्या सगळ्यात जुन्या कामगार. बारा वर्षं हीच मशीन. एक चूक नाही. विचारा त्यांना.”

मी उठून उभी राहिले. “बारा वर्षं,” मी म्हटलं. “अक्कल जागेवर ठेवून काम केलं की हात जागेवर जातो.”

सून जमिनीकडे बघत होती.

“दाखवाल?” वहीवालीने विचारलं.

“काय?”

“तुम्ही रोज करायचात तसं. तिघींचं. वाफ नाहीये, कुणाला काही होणार नाही.”

मी पदर कमरेला खोचला आणि गेले. मला वाटलं, बघा एकदा सगळ्यांनी, काम कशाला म्हणतात. पहिलीचा दांडा खाली. दुसरीचा खाली. दोन पावलं पुढे. तिसरीच्या दांड्यावर हात पडला आणि थांबला. बोटं लोखंडावर चाचपडत होती. काहीतरी शोधत होती आणि ते तिथे नव्हतं. गार, गुळगुळीत लोखंड. तेवढ्यात पाठीमागे शिट्टी वाजली, कानठळ्या बसतील अशी. वहीवालीने सुपरवायझरला डोळ्याने खुणावलं होतं, हे मला नंतर कळलं.

माझा हात खाली गेला. सर्रकन. मला न विचारता.

तोफ हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

साहेब घाईघाईने पुढे आले. “आता वय झालंय त्यांचं. सरावही राहिला नाही. ह्यावरून काही ठरत नाही. बाई, बसा तुम्ही. पाणी आणा रे कुणीतरी ह्यांना. वयानुसार होतं असं.”

मला वाट मोकळी करून दिली होती त्या माणसाने. म्हातारी झाले, हात चुकला, एवढं म्हणून बसले असते तर फोटो तिथेच राहिला असता आणि सून बाहेर. पण त्याने माझ्या कोपराला धरलं. आंधळ्याला रस्ता ओलांडायला मदत करतात तसं.

“हात काढा,” मी म्हटलं. “वय काय काढता माझं? तुमच्यापेक्षा जास्त दात आहेत माझ्या तोंडात. बारा वर्षांपूर्वी कुठे होतं वय? तेव्हाही हाच दांडा मी खाली ओढला होता!”

बोलून गेले. मग तोंडातून सुटलेलं परत घेणं माझ्या रक्तात नाही. मी पाय टेबलाच्या कडेवर ठेवला आणि पोटरीवरचं कापड वर केलं. वीतभर डाग आहे, वाळलेल्या सायीसारखा. मुलाला मी सांगितलं होतं, गरम पाण्याचं पातेलं सांडलं.

“तिसरी आल्यावर पंधरा दिवसांत,” मी म्हटलं. “बघून घ्या. लिहा वहीत.”

“हे नोंदलं का नाही?” वहीवालीने विचारलं.

मी शिट्टीकडे बघितलं. तो पाटीकडे बघत होता. हॉलमध्ये दाराच्या वर एक पाटी आहे, ‘अपघाताविना दिवस’, आणि पुढे आकडा. तेव्हा तो नवा सुपरवायझर होता आणि पाटी त्याची लाडकी.

“पाटीवर त्या दिवशी एकशे बारा होते,” मी म्हटलं. “हा मला म्हणाला, घरी भाजलं असं सांग, नाहीतर सगळ्यांचा आकडा जाईल. बायका पण म्हणाल्या, एका भाजण्यासाठी कशाला. दुसऱ्या दिवशी एकशे तेरा झाले. मी लंगडत आले आणि पाटी माझ्याहून सरळ उभी होती.”

“मी असं...” शिट्टी म्हणाला.

“तू गप. तुला अजून कुणी फुंकलेलं नाही.”

वहीवाली लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, “मग पुढची बारा वर्षं कशी गेली?”

आता हे सांगायची गरज नव्हती. इथपर्यंत मशीनच दोषी होती, आणि मी तिचा जुना बळी. इथे थांबले असते तरी सुनेची नोकरी कदाचित वाचली असती. पण मग वहीत लिहिलं गेलं असतं की सासूने बारा वर्षं अकलेने निभावलं आणि सून नऊ आठवड्यांत हरली. साहेबांनी कदाचित तेवढ्यावरही तिला काढलं असतं. ती खाली बघत होती. तिच्या मानेवर घामोळं आलं होतं आणि ती ते खाजवत नव्हती.

“चिंधी बांधली होती,” मी म्हटलं. “तीन गाठींची. हाताला कळावं म्हणून.”

“कुठे आहे ती?” हे तोफेने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“मी नेली.”

“का?”

“माझी होती.”

सून पहिल्यांदा वर बघून बोलली. माझ्याशी नाही, वहीवालीशी. “मी विचारलं होतं, हे काय आहे. हात पुसायची चिंधी म्हणाल्या.”

तोफ उठली. दोन्ही बँडेजं समोर धरून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारते. तिला मारता आलं असतं तर बरं झालं असतं.

“चौदा वर्षं तुझ्या बाजूला गठ्ठे ओढले,” ती म्हणाली. “मला सांगितलं असतंस, तर मी बांधली असती. माझ्याकडे घरी चिंध्यांचा ढीग आहे. एवढी कसली गं मिजास? आपल्याशिवाय कुणाला जमू नये म्हणून?”

उत्तर होतं, पण ते ‘हो’ होतं.

ती साहेबांकडे वळली. “ह्या पोरीला ठेवा. मला ती आवडत नाही, माझे हात तिनेच भाजले, मी तिला माफ करणार नाही. पण ठेवा. आणि हिला,” हनुवटीने माझ्याकडे दाखवलं, “पुन्हा फाटकाच्या आत घेऊ नका.”

साहेब म्हणाले, विचार करावा लागेल. वहीवाली म्हणाली, विचार जरूर करा, पण दांडा बाकी दोघींसारखा फिरवून घेईपर्यंत तिसरी चालणार नाही, आणि बाईंचं निवेदन मी आजच घेतेय. मी माझ्या हाताने सही केली. अक्षर वाकडं आलं.

निष्काळजीपणा हा शब्द कागदावर आला नाही. सुनेला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. बाहेर पडताना फाटकाजवळचा पहारेकरी स्टुलावर चढून माझ्या फोटोची काच उतरवत होता. साहेबांना एवढी घाई कशाला होती कोण जाणे; चार खिळे तर होते. मी त्याला म्हटलं, “सांभाळून, स्टूल डुगडुगतंय.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

रस्ताभर सून माझ्या चार पावलं पुढे चालत होती. घरी येऊन तिने भाजी चिरली, कुकर लावला, नवऱ्याला ओरडली. माझ्याशी अक्षर नाही. जेवणं झाली तेव्हा तिने ताटं उचलली, टेबल पुसलं आणि कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

“वहीवाल्या बाईंनी सांगितलंय,” ती म्हणाली. “त्या हॉलमध्ये आणखी काय काय आहे, जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, ते सगळं लिहून आणायचं. सोमवारी द्यायचंय.”

“तिला म्हणावं, सव्वीस वर्षांचं शहाणपण असं बसल्या जागी...”

“आई.” तिने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. “भाषण नको. मी एकदाही चुकले नाही, हे तर मधे मधे अजिबात नको. मला झोपायचंय.”

मुलगा उठून दुसऱ्या खोलीत गेला. शहाणा माझाच.

मी पाणी प्यायले. पेला ठेवला. सांगितलं नाही तर माझ्याकडे काय उरणार होतं, आणि सांगितलं तर काय उरणार होतं, दोन्ही एकच.

“दुसरीचं दार,” मी म्हटलं. “ते लावताना दोनदा टक् वाजतं. पहिलं वाजलं तेव्हा ते लागलेलं नसतं. लागल्यासारखं दिसतं. ड्रम फिरला की उघडतं.”

तिची पेन्सिल थांबली.

“ते दार मी रोज लावते.”

“रोज.”

“नऊ आठवडे.”

ती माझ्याकडे बघत राहिली, घरात निघालेल्या सापाकडे बघतात तशी. मारायचा की बाहेर सोडायचा हे ठरत नसतं तेव्हाची नजर. मग तिने मान खाली घातली आणि लिहिलं. दाबून लिहिलं, कागद फाटेल इतकं.

“पुढे,” ती म्हणाली.